डब्यावरचे बालकवी

हैदराबादच्या सुलतान बाजारात चहापत्ती विकणारा ओळखीचा एक तरुण नवा माल काढतो आहे. मोगऱ्याच्या वासाचा, गवती चहाची पात घातलेला ग्रीन टी, आणि डब्यावर नाव बालकवींचं. "काका, तिकडे जेन ऑस्टिनच्या नावानं चहा खपतो. आपला कवी का नको? मागच्या बाजूला चार ओळी तुम्ही लिहा." मी तिथल्या तिथे हो म्हणालो. एरवी साधा अर्ज लिहून द्यायला मी चार दिवस घेतो.

मनानं कारण लगेच पुरवलं : मराठीचं भलं. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात दिसतात ते बहुतेक माझ्याच वयाचे. डबा पाहून एखादं पोर बालकवींची 'फुलराणी' शोधत येईल. कारण चारचौघांत सांगण्याजोगं आहे. पण ते खरं असतं तर डब्यावर ग्रंथालयाचा पत्ता छाप, असं मी त्याला म्हटलं असतं. ते सुचलंच नाही. ओळींखाली माझं नाव येईल ना, हे मात्र विचारून झालं.

ऑस्टिनबाईंचं नाव चहाला निदान शोभतं. इंग्लंडात चॉटनच्या घरी सकाळचा चहा त्या करत. चहा-साखरेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे, कारण चहा कुलपात ठेवण्याइतका महाग होता. तो चीनहून आणण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच कंपनीचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक त्याच्या काही वर्षं आधी आमच्या कोठी भागात खांबांचा टोलेजंग वाडा उठवत होता, आणि त्याच्या आसऱ्यानं वाढलेला रेसिडेन्सी बाजार म्हणजेच आजचा सुलतान बाजार. बालकवींचा या चहाशी संबंध काय? हिरवा रंग. बस्स.

मोगऱ्याचा चहा नीट करायचा तर रात्री उमलणारी ताजी फुलं पानांत मिसळून ठेवतात, सकाळी वेचून काढतात आणि पुन्हा नवी घालतात. घाई असेल तर वासाचं तेल शिंपडतात. माझ्या चार ओळी तेलाच्या जातीच्या आहेत. निर्झर, पाखरं, कोवळं ऊन... दहा मिनिटांत झाल्या, पुस्तक उघडावं लागलं नाही. 'औदुंबर'मधलं काळं पाणी त्यांत नाही, 'पारवा' नाही. 1918 साली, अठ्ठाविसावं सरायच्या आत, भादली स्टेशनाजवळ हा कवी आगगाडीखाली गेला, तेही नाही. चहाच्या डब्यावर हे कोण लिहितं, असं म्हणता येईल, आणि ते खरंही आहे. पण हे सगळं गाळ, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या चहावाल्या तरुणाला यातलं काही ठाऊक नाही. मला होतं, आणि हात आपोआप हिरव्याकडेच गेला.

डब्यावरचं नाव किती वरवरचं असतं, हे इराण्याकडचा दम चहा पिताना नीट कळतं. त्या चहाला कुणा कवीचं नाव लागत नाही. उस्मानिया बिस्किटं पुरतात.

आता त्या तरुणाला सांगणार आहे, मोगरा-गवती चहा एवढंच नाव ठेव. तो ऐकेल असं वाटत नाही. नाहीच ऐकलं तर ओळी परत घेईन, असं आज तरी म्हणतो आहे. लिहिण्याचे पैसे किती मिळतील, हे अजून बोलणं झालेलं नाही. ते आधी विचारून घ्यावं, असंही मनात येतं आहे.