मैदान नेमके कुणापासून जपायचे?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ होती. तिथून बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. त्या दिवसांत त्याच्या वडिलांनी पत्रकारांना सांगितलेली एक गोष्ट धावांइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. बीडमध्ये पोरांसाठी टर्फची खेळपट्टी तर केली, पण ती जगवायला पाणी कुठले? मग टँकर मागवावे लागत.

यात बोल लावण्यासारखे काही नाही. पोराच्या खेळासाठी ज्याला जमले त्याने टँकर आणला आणि पोराने त्याचे चीज केले. अडचण सुरू होते ती सार्वजनिक मैदानापाशी. तिथे लागणारे पाणी, माती, पैसा सगळ्या गावाचा असतो, आणि मैदानाची निगा राखायची म्हटले की पहिला फलक लागतो तो ‘खेळण्यास मनाई’ असा. निगा राखली नाही तर मैदान मरते. राखायला बसले तर मुले कुंपणाबाहेर. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या, रेल्वे स्टेशन असलेल्या पण पाण्याची कायम ओढ असलेल्या गावात हा पेच शहरापेक्षा जास्त टोचतो, कारण तिथे एका मैदानाला दुसरे मैदान पर्याय नसते.

या पेचाची सर्वांत गाजलेली आवृत्ती २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. आयपीएलच्या मैदानांवर लाखो लिटर पाणी ओतले जाणार आणि मराठवाडा घोटभर पाण्याला महाग, हे कसे चालेल, अशी जनहित याचिका होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. १३ एप्रिलला न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. अंतिम सामनाही मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. लातूर ज्या मांजरा धरणाचे पाणी पिते ते केज तालुक्यात धनेगावला आहे. अंबाजोगाईची तहानही त्याच धरणावर, आणि ते तेव्हा कोरडे पडले होते. म्हणजे हा वाद मुंबईत चालला असला तरी त्याचे मूळ आमच्या उशाशी होते.

तो निकाल एका अर्थाने सोपा होता. समोर श्रीमंत लीग होती आणि तिला दुसऱ्या राज्यात हलवता येत होते. गावातली पोरे हलवता येत नाहीत. शिवाय त्या निकालाचा एक नको तो अर्थ आमच्याकडे रुजला: दुष्काळी भागात मैदानाला पाणी मारणे म्हणजे पापच. कुणी शिक्षकाने संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर दोन बादल्या शिंपडल्या तरी येणारा-जाणारा टोमणा मारतो. क्रिकेटच्या हिरवळीचे पाणी आणि धूळ बसवायचे पाणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कुणी मोजत नाही.

मोजूनच पाहू, आणि तुलनेला गवतावर खेळणारा एक देश घेऊ. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिथल्या मातीतले खेळ. १८८४ साली थर्ल्स या गावी त्यांची संघटना स्थापन झाली. खेळाडू आजही हौशी, आणि क्लब आपल्या गावकीसारखे: माणूस जिथला, तिथल्या क्लबचा. त्यांचे मैदान किमान १३० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबात अडीच एकर गवत. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. नुसत्या रेघांचा हिशेब धरला तर त्यांच्या एका मैदानात आपली चोवीस बसतील. कबड्डीचे तर १३ बाय १०, सव्वा गुंठ्याच्या आसपास. इतक्या कमी जागेत आणि गवताच्या एका पात्याशिवाय खेळता येणारे खेळ ज्या मुलखाने घडवले, त्याने मैदानासाठी जागा आणि पाणी नाही म्हणून गळा काढावा, हे पटत नाही.

आयर्लंडची अडचण आपल्या उलटी आहे. तिथे पाऊस फार. हिवाळ्यात ओल्या मैदानावर खेळले की गवत उखडते, चिखल होतो, म्हणून क्लबचे मुख्य मैदान बंद ठेवायची वेळ येते आणि मुलांचा सराव बाजूच्या जागेवर जातो. कुरबुरी तिथेही होतात. पण त्याच देशात डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२ हजार प्रेक्षकांच्या मैदानात, मोठ्या सामन्यांच्या मध्यंतरात प्राथमिक शाळेतली मुले-मुली उतरून खेळतात. देशातल्या सर्वांत जपलेल्या गवतावर, सर्वांत महत्त्वाच्या दिवशी. दहा-बारा मिनिटांचाच खेळ, पण मैदान कुणाचे याचा निवाडा त्यात होऊन जातो.

आता आपली माती. या भागात काळी जमीन आणि मुरूम शेजारी-शेजारी नांदतात. काळी माती पावसात फुगते, पायाला किलोकिलोने चिकटते. उन्हाळ्यात आक्रसून तिला अशा भेगा पडतात की पाय अडकून घोटा फिरावा. म्हणून मैदानावर मुरूम टाकतात, वरून चाळलेली माती, पाणी आणि रोलर. पाऊस पडल्यावर मात्र थांबावेच लागते. इथे कुणाला शिकवायची गरज नाही, कारण ही सगळी शेतकऱ्यांची पोरे. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालायचे नाही हे त्यांना कळते. त्याच नियमाने मैदानही चार-सहा दिवस बंद राहिले तर एकही मूल तक्रार करणार नाही. माझा आक्षेप या बंदीला नाही. माझा आक्षेप वर्षभराच्या कुलपाला आहे, आणि ते कुलूप लावताना दिल्या जाणाऱ्या कारणाला: पोरे मैदान खराब करतात.

पोरे मैदान खराब करत नाहीत. कुठलेही गावचे मैदान लग्नसराईनंतर जवळून पाहा. मंडपाच्या खांबांसाठी हात-हात खोल खड्डे खणलेले असतात आणि ते वरवर माती लोटून बुजवलेले असतात. पहिल्या पावसात ती माती बसते आणि खड्डा पुन्हा तोंड उघडतो. दोऱ्या ताणायला ठोकलेले लोखंडी खुंटे अर्धे तुटून जमिनीत राहतात. आचाऱ्याची चूल जिथे पेटली तिथली माती भाजून कडक झालेली असते, तिच्यात काचा, द्रोण, खिळे. सभेच्या दिवशी ओल्या मैदानात शिरलेल्या जीपगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड होतात. मग आठ-दहा दिवस कुठल्या तरी चषकाची टेनिस बॉल स्पर्धा. तिच्यासाठी जेसीबी येतो, बक्षिसे लागतात, भोंगे लागतात, आणि त्या दिवसांत शाळकरी पोरांनी फक्त सीमेबाहेरचे चेंडू आणून द्यायचे. हे सगळे उरकल्यावर मैदानाची दुर्दशा पाहून कुणा जबाबदार माणसाला मैदान जपण्याची आठवण होते, आणि बंदी येते ती अनवाणी पळणाऱ्या सातवीतल्या मुलीवर. मंडपवाल्यावर नाही, चषकवाल्यावर तर नाहीच नाही. ज्याच्यामागे मत नाही, वर्गणी नाही, त्याला हाकलणे सोपे असते.

हीच गोष्ट मॅटची. २०१४ साली प्रो कबड्डी आली, पाठोपाठ खो-खोही मॅटवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. घाटनांदूरच्या मुलींना तिचे नाव माहीत असणार. पण मातीत सूर मारणे आणि मॅटवर सूर मारणे यांत फरक आहे. पायातली पकड बदलते, खांबाला वळसा घालतानाचा तोल बदलतो. निवड चाचणी मॅटवर आणि सराव मातीत, तर गावाकडची मुलगी पहिल्याच पळतीत मागे पडते. आणि जिथे मॅट मिळालेली असते तिथे ती बहुतेक वेळा गुंडाळून खोलीत असते. झिजेल ना! पाहुणे आले की अंथरायची, फोटो काढायचा, पुन्हा कुलूप. खेळून झिजणारी मॅट परवडली. उंदरांनी कुरतडलेली मॅट कुणाच्या कामाची?

मातीचे मैदान राखायला लागते काय? खडे वेचायला माणसे लागतात. पाट्यांच्या जागी, जिथे मुले उकिडवी बसून झेप घेतात, तिथे माती हाताने मऊ करावी लागते. खांबाभोवतीचे दोन-तीन पावलांचे वर्तुळ सर्वांत लवकर उखडते, कारण सगळी वळणे तिथेच. तिथे ओली चाळलेली माती चोपून बसवावी लागते. मग पाणी, आणि पाणी जिरल्यावर फक्की. सराव झाला की रेघा पुसलेल्या असतात. उद्या पुन्हा माराव्या लागतात. हे काम कंत्राटदार करू शकत नाही. त्याला कुठला खडा कुणाच्या गुडघ्याला लागला ते ठाऊक नसते. खेळणाऱ्याला ते ठाऊक असते.

आपल्या तालमींनी हे फार पूर्वी ओळखले होते. आखाड्यात लढण्याआधी फावडे मारून माती उकरायची, ताक-तेल-हळद घालून ती सारखी करायची, हे काम पठ्ठ्यांचेच असे. त्याला कुणी देखभाल म्हणत नसे, तो व्यायामाचाच भाग होता. मातीत हात घातल्याशिवाय मातीत उतरायचे नाही. त्यामुळे आखाडा जपायचा की पोरांना खेळू द्यायचे, असा प्रश्न तालमीत कधी उभाच राहिला नाही. तो उभा राहिला मैदान खात्याकडे गेल्यावर, त्याला अंदाजपत्रक, निविदा आणि कुलूप लागल्यावर. तालमीत सगळे आलबेल होते असे मात्र नाही. तिचे दार मुलींना बंद होते, अनेक ठिकाणी जातीनेही ते अरुंद केले होते. पद्धत उचलायची तर तिथले उंबरठे मागे ठेवूनच उचलावी लागेल.

यावर पालकांचा आक्षेप येणार: आमची मुले शाळेत शिकायला पाठवली, दगड वेचायला नाही. रास्त आहे. या मुलखात पोरांच्या हाती काम देण्याबद्दल फार जपून बोलावे लागते, कारण त्यांच्यातल्या कित्येकांच्या हाती ते आधीच आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, आणि परततात ती उन्हाळा लागल्यावर. म्हणून अट एकच हवी. जो खेळतो तो सरावाआधी पंधरा मिनिटे मैदानाला देतो, शिक्षक आणि मोठे खेळाडूही त्यात आले. अवजड कामे, मुरूम, रोलर, ही ग्रामपंचायतीची. आणि मंडपाला, सभेला, चषकाला मैदान द्यायचेच असेल तर आधी अनामत, नंतर खड्डे बुजवून रोलर फिरल्यावर परतावा. पैशाची भाषा कुणालाही पटकन कळते.

एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला कुठे होते मैदान? तो सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचा, आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य घेऊन आला. खरे आहे. पण तो घडला सैन्यात गेल्यावर, तिथल्या ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या हाताखाली. त्याची जिद्द पुढे करून गावाला मैदानाच्या जबाबदारीतून मोकळे करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. आज पहाटे पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारी पोरे डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रॅक्टर चुकवत पळतात. ती मैदानात का नाहीत, हे कुणी त्यांना विचारावे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. ते संध्याकाळी सहा वाजता आणि रविवारी उघडे असावे असे लिहिलेले नाही. फाटक बंद असते.

वेळापत्रकाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. मैदानाची दुरुस्ती काढतात ती बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळा रिकामी, म्हणून सोय. पण मे महिन्यात घाटनांदूरच्या बाजूला पाणी नसते, माती दगड झालेली असते, रोलर नुसता वरून घरंगळतो. आणि नेमक्या तेव्हाच मुले मोकळी असतात, फडावरून आलेली मुलेही गावात असतात. वर्षातला त्यांचा एवढाच काळ, आणि तोच आपण त्यांच्यापासून काढून घेतो. त्यापेक्षा मुरूम मेच्या शेवटी कडेला आणून टाकावा, मृगाचा पाऊस पडून गेला की पसरावा, मधून कडेकडे उतार आणि बाजूने चर काढावा, आणि वाफसा आला की रोलर फिरवावा. पाणी मारण्याचे काम पाऊस फुकट करतो, टँकर लागत नाही. त्या दिवसांत पेरणीमुळे मुले तशीही रानात असतात. पोळ्यापर्यंत मैदान बसते, शालेय स्पर्धांच्या सरावाला मिळते. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना टोळी निघण्याआधीचे दोन महिने तरी त्यावर खेळता येतात.