डांबरात ओतलेलं निवेदन

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत रस्ता दोन वाटांनी येतो. एक वाट विषयपत्रिकेची. अमुक प्रभागातील अंतर्गत रस्त्याचे डांबरीकरण, अंदाजपत्रकास मान्यता. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर, पुढचा विषय घ्या. लाखांचा रस्ता अर्ध्या मिनिटात होतो. दुसरी वाट ऐनवेळच्या विषयांची. कुणीतरी उभं राहून म्हणतं, "साहेब, आमच्या शाळेपुढं गतिरोधक टाका हो, किती वेळा सांगायचं?" आणि मग तासभर सभा हलत नाही. एकाला नवा पाहिजे असतो, दुसऱ्याला आहे तो काढायचा असतो, तिसऱ्याला बोळाच्या तोंडाशी सरकवून हवा असतो. पुणे जिल्ह्यातल्या अशा एका सभेत मी मागच्या बाकावर बसून हे ऐकलं. शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "कोटीच्या कामाला कुणी तोंड उघडत नाही अन् टेंगळासाठी भांडतात."

मला त्या भांडणात काही वावगं वाटलं नाही. खडीचा थर किती जाडीचा आणि त्यात डांबर किती टक्के, हे सभागृहातल्या बहुतेकांना समजत नाही, आणि समजलं तरी तपासता येत नाही. गतिरोधक मात्र प्रत्येकाला रोज कंबरेत कळतो. ज्यातलं आपल्याला कळतं त्यावरच माणूस पोटतिडकीनं बोलणार. माझी हळहळ वेगळी आहे. एवढं तावातावानं बोलूनही चर्चा 'टाका' आणि 'काढा' याच्या वर चढत नाही. या पेठेतून गाडी किती वेगानं जावी, आणि रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, दुकानदाराचा की नुसतं पलीकडच्या गावाला निघालेल्याचा, हा प्रश्न कुणी विषयपत्रिकेवर घेत नाही.

शिरूरचंच उदाहरण घ्या. हे मुळात वाटेवरचं गाव. घोड नदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती, आणि कोरेगावच्या लढाईत उतरलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी 31 डिसेंबर 1817 च्या रात्री इथूनच पुण्याकडे निघाली होती. पुणे-नगर रस्ता पूर्वी गावातून जायचा, आता तो बाह्यवळणानं जातो. बाह्यवळण झालं की गाव मोकळं होईल असं सगळ्यांनाच वाटत असतं. लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेर गेल्या खऱ्या, पण त्यांची जागा गावातल्याच गाड्यांनी भरून काढली. रांजणगावच्या एमआयडीसीची पाळी सुटली की कंपन्यांच्या बसेस आणि कामगारांच्या मोटारसायकली एकदम गावात शिरतात. त्याच सुमाराला विद्याधाम प्रशाला नाहीतर बोरा महाविद्यालय सुटलं, तर रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या मुलामुलींना कडाच उरत नाही. हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या असतात त्या वेगळ्याच.

अशा वेळी गल्लीतले लोक काय करतात? आधी निवेदन देतात. निवेदनाची पोच फाईलला लागते. मग एखाद्या घराचं स्लॅबचं काम निघालं की उरलेला माल रात्रीतून रस्त्यावर ओततात. आमच्या भागातला एक गतिरोधक असाच आहे. जेमतेम फूटभर रुंद, दोन्ही अंगांनी उभा, वर पांढरा पट्टा नाही की अलीकडे फलक नाही. मी त्याला डांबरात ओतलेलं निवेदन म्हणतो, जरी तो सिमेंटचा असला तरी. कडेला पावसाचं पाणी जायला वीतभर फट सोडली होती. आठवड्याभरात मोटारसायकलवाल्यांना ती सापडली. आता प्रत्येक दुचाकी त्या फटीतून, म्हणजे गटाराच्या कडेनं जाते, आणि तिथंच आधी लोक चालायचे. ज्या आजीबाईंसाठी हा अडसर घातला त्यांना आता रस्त्याच्या मधून चालावं लागतं. पहाटे दूधवाल्याचे कॅन त्यावरून खणखणतात, रात्री रिकामी ट्रॉली आदळते, आणि मग गतिरोधक काढावा असं दुसरं निवेदन तयार होतं. दोन्ही निवेदनांवरच्या काही सह्या त्याच असतात.

खरं तर याचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे. म्हणजे सायकलच्या दुप्पट लांबीचा, हळूच चढून हळूच उतरणारा. ताशी 25 किलोमीटरनं जाणाऱ्याला तो जाणवतो, पण हाडं खिळखिळी करत नाही. अलीकडे 40 मीटरवर फलक हवा, वर काळे-पांढरे पट्टे हवेत. 2018 मध्ये या सूचना नव्यानं निघाल्या तेव्हा त्यांचा रोख नुसत्या उंचवट्यावरून वाहतूक शांत करण्याच्या सगळ्या उपायांवर गेला: रस्ता मध्येच आवळणं, ओलांडायची जागा उचलून घेणं, चौकात लहान बेट घालणं. हे दस्तऐवज सरकारी अभियंत्यांच्या माहितीत असतात. पण 3.7 मीटरच्या उंचवट्याला माल लागतो, आखणी लागते, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या दारापुढं घालायचा हे उघडपणे ठरवावं लागतं. फूटभराचं टेंगूळ रात्रीत होतं.

शिरूरहून न्हावरे, पुढं भीमा ओलांडून चौफुला आणि पाटसवरून दौंड, ही वाट माझ्या नात्यागोत्यामुळं नेहमीची. दौंडचा प्रश्न त्याच जातीचा, पण त्याला रुळांनी वेगळा आकार दिला आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि 1878 साली सुरू झालेला मनमाडचा फाटा यांनी गाव वाढवलं आणि कापलंही. रुळांच्या एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला कुरकुंभकडे जाणारा रस्ता. मध्ये कुरकुंभ मोरी, म्हणजे रुळांखालून जाणारी वाट. मोठा पाऊस झाला की मोरीत पाणी, लग्नसराईत मोरीत कोंडी, आणि ऊस सुरू झाला की समोरून ट्रॉली आलेली दिसली तरी मागं सरायला जागा नाही. नव्या मोरीचा विषय वर्षानुवर्षं चालला. रुळाखाली नगरपालिकेला स्वतःहून फावडंही मारता येत नाही. पैसे रेल्वेकडे भरायचे, नकाशा रेल्वेनं मंजूर करायचा, आणि गाड्या थांबवून काम करायला वेळ मिळेल तेव्हाच खोदायचं.

पण मोरीतून जाताना एक गोष्ट दर वेळी नजरेस येते. तिथं कुणी भरधाव जात नाही. पाटी नाही, टेंगूळ नाही, पोलीस असतोच असं नाही, तरी ट्रकवालासुद्धा बैलगाडीच्या चालीनं जातो, कारण जागाच तेवढी आहे. वाट अरुंद झाली की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावानं 1960 नंतरच्या काळात हेच मुद्दाम केलं. राहत्या गल्ल्यांत सरळ वाट मोडली, मध्येच झाडं आणि बाक आणले, मोटारीला माणसाच्या चालीवर आणलं. 1976 मध्ये त्या देशानं अशा गल्ल्यांना कायद्यात जागा दिली. दौंडच्या मोरीत आणि डेल्फ्टच्या गल्लीत फरक आहे तो चालणाऱ्याच्या जागेचा. तिथं ती आधी राखली आणि उरलेली गाडीला दिली. इथं आधी गाडी जाते, आणि उरलंच तर माणूस भिंतीला चिकटून जातो.

म्हणून रुंदीकरणाचा ठराव आला की मी जरा सावध होतो. मोरी रुंद व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. तिथं दुसरी सोयीची वाटच नाही. पण पेठेतला, शाळेपुढचा, वस्तीतला रस्ता रुंद आणि गुळगुळीत केला की पहिल्या महिन्यात सगळे खूश असतात आणि तिसऱ्या महिन्यात त्याच रस्त्यासाठी गतिरोधक मागायला येतात. वेग 30 चा 60 झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र आहे. 2020 मध्ये स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेनंही जिथं माणसं आणि वाहनं मिसळतात तिथं कमाल वेग 30 ठेवा, असंच म्हटलं. आधी पैसे खर्चून वेग वाढवायचा, मग पुन्हा पैसे खर्चून तो तोडायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार आपण विकासाच्या खात्यात लिहितो.

रुंदीकरणाची मूळ रेघ असते विकास आराखड्यात. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि 30 दिवसांत हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या 30 दिवसांत गावातली किती माणसं नकाशा पाहून येतात? ज्याच्या जागेवर आरक्षण पडलं तो येतो, त्याचा वकील येतो. रस्त्यावरून नुसता चालणारा येत नाही, कारण नकाशात त्याचं काहीच गेलेलं नसतं. जुन्या पेठांत ही रेघ आणखी विचित्र दिसते. जो घर पाडून बांधतो त्याला मागं सरकावं लागतं, शेजारचा पडका वाडा आपल्या जागी राहतो, आणि गल्ली दात पडलेल्या जबड्यासारखी होते. मागं सरलेल्या जागेत चारचाकी लागते. रस्ता कागदावर नऊ मीटर आणि पायाखाली होता तेवढाच.

गाड्या लावण्याचा विषय निघाला की सभेत पेठेचं म्हणणं मांडणारे हटकून उठतात. सम-विषम तारखांना एकेका बाजूला गाड्या लावा म्हटलं, की धंदा बसेल ही भीती पहिली. ती खोटी नाही. गिऱ्हाईक दारात उतरायला सोकावलेलं आहे. पण सकाळी दुकानं उघडताना कापड बाजारात उभं राहून पाहावं. दुकानापुढं पहिली दुचाकी लागते ती मालकाची, मग कामावरच्या पोरांची, आणि त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवलेली असते. पुण्यात 2021 पासून लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस गाड्या बंद ठेवून पादचारी दिन पाळतात, तेव्हाही हीच भीती आधी बोलून दाखवली गेली होती. मोठ्या शहराचा एका दिवसाचा उत्सव आपल्याकडे जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. पण आठवडे बाजाराच्या दिवशी आपल्या गावातले किती रस्ते गाडीविना चालतात, आणि त्याच दिवशी धंदा सगळ्यात जास्त होतो, हे व्यापाऱ्यांनाच विचारावं.

मग अडतं कुठं? एक तर रस्त्याला मालक फार. गल्ली नगरपालिकेची, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकामचा, महामार्ग केंद्राचा, मोरी रेल्वेची. एकेरी वाहतूक करायची तर मोटार वाहन कायद्याखालची अधिसूचना पोलीस किंवा महसूल यंत्रणेकडून निघायची. केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं 2016 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितले, आणि महामार्गालगतच्या गावांचे लोक तेच मागायला नगरपालिकेत येतात. नगरसेवक त्यांना 'तो रस्ता आपला नाही' सांगतो. ते खरंच असतं, पण ऐकणाऱ्याला ते टोलवाटोलवीच वाटते.

आणि मध्ये तर बोलायला सभाच नव्हती. शिरूर आणि दौंडच्या पालिकांची आधीची निवडणूक डिसेंबर 2016 ची. मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात चालला, आणि राज्यभरच्या पालिका प्रशासकांकडे गेल्या, त्या डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत. प्रशासक वाईट असतो असं नाही. काही कामं उलट झपाट्यानं झाली. पण एकट्या अधिकाऱ्याच्या खोलीत निवेदन देता येतं, वाद घालता येत नाही. गतिरोधक हवा असणारा आणि नको असणारा एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. दोघंही वेगवेगळ्या दिवशी येतात, दोघांनाही 'बघतो' असं उत्तर मिळतं.

आता सभागृह भरलं आहे, तरी एक फट राहतेच. घटनेनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्यावर लोकसंख्येच्या शहरांना. 2011 च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड मिळूनही लाखाच्या आत होती, म्हणजे इथं ती सक्ती नाही. दौंडला लागून असलेल्या लिंगाळी-गोपाळवाडीत किंवा शिरूरलगतच्या तर्डोबाच्या वाडीत राहणाऱ्याला ग्रामसभेत उठून रस्त्याबद्दल विचारता येतं. तोच माणूस चार पावलं चालून पालिकेच्या हद्दीत राहायला आला की त्याचा हा हक्क जातो. त्याला सभा मागच्या बाकावरून ऐकता येते, बोलता येत नाही. नवीन वस्ती बहुतेक या शिवेवरच वाढते आहे. घर ग्रामपंचायतीत, शाळा आणि बाजार पालिकेत, आणि रोजची गाडी दोन्हींकडून. रस्त्याच्या एका टोकाला वेग कमी करायचा आणि दुसऱ्या टोकाला तोच रस्ता मोकळा सोडायचा, असं होऊ द्यायचं नसेल तर पालिकेचा नगर अभियंता आणि शेजारचा ग्रामपंचायत अधिकारी यांना एका टेबलाशी बसवावं लागेल. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही, पण बैठक बोलवायची कुणी, हे दोन्ही दप्तरांत लिहिलेलं नाही.