उजव्या हाताला कोण?

रावेतच्या एका वृद्ध माळकऱ्याने गेल्या एकादशीला कीर्तनानंतर आम्हांस एक प्रश्न घातला. तो तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

हे गृहस्थ आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरातील मुक्कामापासून तुकोबारायांच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षे पंढरीस पायी गेलेले. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, वारी नको, पण रोज सपाटीवर थोडे चाला. मग ते औंधला नातवाकडे राहावयास गेले आणि नातू त्यांना रोज सकाळी गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात नेऊ लागला. तेथे वडांची जुनी झाडी आहे. मुख्य इमारतीपासून निघावे, झाडीतून वळसा घ्यावा आणि निघालो तेथेच परत यावे, अशी ती फेरी. पहिल्या दिवशी नातू उलट्या अंगाने निघाला, तर आजोबांनी त्याचा हात धरून वळवले. "बाळा, मधली वास्तू उजव्या हाताला ठेवावी." पंढरीच्या प्रदक्षिणेची सवय, दुसरे काय!

तर प्रश्न असा: "बुवा, रोज तीन फेऱ्या होतात. मुखी नाम असतं. चुकलेली वारी यात जमा होईल का? आणि होत नसेल, तर मी रोज उजव्या हाताला ठेवतो ते कोण?"

देव सर्वत्र आहे, तेव्हा कोणतीही फेरी प्रदक्षिणाच, असे झटकन सांगता आले असते. ते खोटे नाही. पण फार स्वस्त आहे.

त्या वास्तूचेच पाहा. इंग्रज गव्हर्नरासाठी १८६४ साली तिचे काम निघाले. तेव्हा तेथील माळी नि पट्टेवाले सत्तेभोवती फिरत. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर गोळी झाडली, ती चिंचवडच्या चापेकरांनी, वडील कीर्तनकार. कीर्तनाच्या घरातून पिस्तूल का निघाले, हा जड प्रश्न आहे, येथे नको. १९४९ साली तेथे विद्यापीठ झाले, २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. म्हणजे उजव्या हाताला आधी राजदंड होता, आता विद्या. पाय मात्र तेव्हाही वळत होते, आताही वळतात. तेव्हा पायांवरून काही ठरत नाही.

प्रदक्षिणेत मनुष्य मधल्याला म्हणतो, तू मोठा, तू स्थिर, मी तुझ्याभोवतीचा. मनगटावर पावले मोजीत फिरणाऱ्याच्या मध्यभागी त्याचाच देह असतो. त्यात पाप नाही. देह नीट नसेल तर नाम तरी कोण घेणार? पण त्याला व्यायाम म्हणावे, प्रदक्षिणा म्हणू नये.

आणि वारी? वारी म्हणजे काही नुसते कोस नव्हेत. अनोळखी हातची भाकरी खाणे, आपल्याहून लहानाच्या पाया पडणे, त्याने आपल्या पडणे, हे त्या झाडीत कोठून येणार? शिवाय 'जमा' हा शब्दच चुकला. पांडुरंगाकडे खतावणी असती, तर आपण सारे दिवाळखोर ठरलो असतो.

मी तसे स्पष्ट सांगितले. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, काठी घेऊन उठले. मागाहून मला वाईट वाटले. माझे गुडघे धड आहेत. ज्याची वाटच खुंटली त्याला मी शब्दांचा हिशेब शिकवीत होतो. उत्तर बरोबर होते, असे मला अजूनही वाटते. ते द्यायचा अधिकार मला होता काय, हे सांगवत नाही.

परवा नातू भेटला. म्हणाला, आजोबा फिरायला येतात; पण आता रस्ता झाडणाऱ्या बाई दिसल्या की वाकून नमस्कार करतात. पहिल्या दिवशी त्या बाई गोंधळल्या, मग खराटा बाजूला ठेवून "माउली" म्हणत त्यांच्या पाया पडल्या. त्यांचे माहेर पंढरपूरकडचे निघाले. त्याची तक्रार एवढीच, की बोलण्यात वेळ जातो आणि तीन फेऱ्यांची आता एकच होते.