दुसऱ्याच्या दंडावरून

म्हैसूरच्या राजघराण्यातल्या तीन स्त्रियांचे एक तैलचित्र आहे. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने ते १८०५ च्या सुमारास काढले. त्या नर्तकी असाव्यात असा समज बरीच वर्षे होता. पुढे इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी दरबारी कागदपत्रांशी ताडून त्यांची ओळख पटवली. दोन कडांच्या स्त्रिया म्हणजे तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या दोन तरुण राण्या, दोघींचेही नाव देवाजम्मणी. मधली स्त्री म्हणजे राजाची आजी लक्ष्मी अम्मणी, असे ते म्हणतात. मधल्या स्त्रीबाबत मात्र अभ्यासकांत एकमत नाही. डावीकडच्या राणीच्या नाकाखाली आणि ओठांभोवती कातडीचा रंग फिकट आहे. चॅन्सेलर यांच्या मते ही जुन्या पद्धतीची खूण आहे. त्या पद्धतीत देवी या रोगाच्या खपल्यांची पूड नाकातून देत आणि सौम्य रोग मुद्दाम आणून मोठा रोग टाळत. उजवीकडच्या धाकट्या राणीने पदर सारून डावा दंड उघडा केला आहे आणि तिचे बोट त्या दंडाकडे आहे. तिथे तिला देवीची लस टोचलेली होती. धाकट्या राणीने टोचून घेतल्यावर इतर लोकही पुढे येऊ लागले, अशी नोंद जुलै १८०६ मध्ये झालेली आहे. ज्या घरातल्या बायकांचा चेहराही बाहेरच्यांना दिसत नसे, त्या घरातल्या राणीने परक्या चित्रकारासमोर दंड उघडा ठेवला. माझ्या दृष्टीने ही एक धार्मिक कृती होती. तसे का म्हणायचे ते समजण्यासाठी त्या दंडात काय टोचले गेले होते ते पाहायला हवे.

त्या काळी लस कुपीत फार काळ टिकत नसे. ती मुख्यतः माणसांतूनच पुढे सरकत असे. एका मुलाच्या दंडावर ओरखडा काढून लस घालायची, आठवडाभराने तिथे फोड टरारला की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाच्या दंडावर घालायचा, आणि त्याच्यावरून तिसऱ्याच्या. साखळी तुटली की लस मेली. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी आलेली ही लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा लागू पडली ती तिच्या अंगात. ती कुणा सरदाराची लेक नव्हती, एका नोकराच्या पोटची मिश्र वंशाची मुलगी होती. तिच्या दंडावरची लस आधी मुंबईतल्या मुलांना आणि तिथून पुढे देशभर गेली. आता सोवळ्याओवळ्याच्या चौकटीतून याकडे पाहा. स्पर्श, अन्न, पाणी यांच्याभोवती शतकानुशतके कुंपण घालणाऱ्या समाजात कुणाच्याही पोरीच्या फोडातले पाणी आपल्या लेकराच्या रक्तात मिसळायचे होते. अनेक उच्चवर्णीय घरांचा विरोध नेमका इथे होता. तो विरोध खुळा नव्हता. त्या लोकांना लसीचा खरा अर्थ बरोबर कळला होता: ती घेतली की आपले शरीर सर्वस्वी आपले, इतरांपासून राखलेले, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

लस घेणे म्हणजे स्वसंरक्षण असे एक बाजू म्हणते, सरकारची आज्ञा असे दुसरी म्हणते. मला दोन्ही अपुरे वाटते. आपल्या परंपरेत त्यासाठी अधिक नेमकी कल्पना आहे, ऋणाची. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. पहिल्या तिन्हींची चर्चा खूप होते, चौथ्याची कमी. लसीत हे चौथे ऋण उघडे दिसते, कारण ज्या मुलाच्या दंडावरून लस आली त्याचे नाव घेणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसायचे. आज साखळी दंडादंडांची नाही, पण ती तुटलेली नाही. २०२० मध्ये कोव्हिडवरच्या कोव्हिशिल्ड लसीची चाचणी देशातल्या अनेक केंद्रांवर झाली, सुमारे सोळाशे स्वयंसेवकांवर. त्यांतले एक केंद्र म्हैसूरचे जेएसएस होते, म्हणजे सुत्तूरच्या वीरशैव मठाच्या परंपरेतून उभी राहिलेली संस्था. दुसरे होते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. आपल्याला लसच मिळते आहे की दुसरे काही, हे स्वयंसेवकांना सांगितले जात नव्हते. परदेशांतल्या मोठ्या चाचण्या आणि या सोळाशे जणांचे निष्कर्ष हाती आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. पहिल्या दिवशी ज्याने बाही वर सारली त्याच्याआधी हजारो अनोळखी माणसांनी ती सारली होती. ते ज्याने मान्य केले, त्याला आपल्यानंतरच्या माणसाचाही विचार करावा लागतो.

यावर सर्वांत जुना आक्षेप दैवाचा आहे. रोग देवतेच्या इच्छेने येत असेल तर त्याला अडवणे हा तिचा अवमान नाही का? हा आक्षेप इतिहासातच ढिला पडतो. बंगालमध्ये जुन्या पद्धतीने देवी टोचणारे टिकादार शीतला देवीची पूजा करूनच काम करत. देवी आणि टोचणी यांत त्यांना वैर दिसत नव्हते. म्हैसूरचा पुरावा तर याहून बोलका आहे. आबे द्युब्वा हा फ्रेंच मिशनरी टिपूच्या पाडावानंतर याच प्रांतात राहून धर्मप्रसार करत होता. इंग्रजांच्या सांगण्यावरून त्याने लसीकरण हाती घेतले आणि १८०३-०४ च्या सुमारास पंचवीस हजारांहून अधिक लोकांना टोचले. हाच द्युब्वा तीस वर्षांहून जास्त काळ इथे राहिल्यावर, हिंदूंना ख्रिस्ती करणे अशक्यप्राय आहे असे १८२३ मध्ये छापलेल्या आपल्या पत्रांत कबूल करतो. लोकांनी त्याची लस घेतली, त्याचा देव घेतला नाही. लस ही श्रद्धेवरची चढाई आहे असे जे दोन्ही बाजूंचे लोक समजतात, त्यांनी या घटनेकडे शांतपणे पाहावे. म्हैसूरच्या चामुंडीच्या डोंगरावर जाणारा माणूस टोचून घेऊनही चामुंडीचाच भक्त राहिला. आणि श्रद्धा वाकू शकते हे आपण आता पाहिलेच आहे: २०२० मध्ये म्हैसूरचा दसरा राजवाड्याच्या आवारात मोजक्या लोकांत झाला आणि त्याच वर्षी संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरीला गेल्या.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो, कारण तो गांधीजींचा आहे. आरोग्यावरच्या आपल्या लेखनात त्यांनी लसीला स्पष्ट विरोध केला. गाईला पीडा देऊन मिळवलेला पदार्थ अंगात घेणे त्यांना अहिंसेच्या आणि शुद्धतेच्या विरुद्ध वाटत होते. १९३० मध्ये साबरमती आश्रमात देवी आल्या, मुले दगावली, त्या दुःखाने ते हेलावले, पण मत बदलले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र सत्याग्रहात क्लेश स्वतः सोसायचा असतो आणि त्यातच त्याचे नैतिक बळ असते. संसर्ग त्या मर्यादेत राहत नाही. माझ्या नकाराची किंमत माझ्याच देहाने चुकवली तर तो नकार सत्याग्रह ठरेल. ती शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाने चुकवली तर ठरणार नाही, कारण त्या मुलाला कुणी विचारले नव्हते. गांधीजींचेच तत्त्व त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध जाते असे मला वाटते, आणि सेवाग्रामच्या संस्थेने चाचणीत भाग घेणे हे त्यांच्या तत्त्वापासून दूर जाणे वाटत नाही.

मग सक्ती करावी का? इथे ऋणाची कल्पना उलट्या बाजूनेही बांधते. हिसकावून घेतलेले पैसे म्हणजे फेडलेले कर्ज नव्हे. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली सैनिक घरात शिरले, माणसे तपासली, सामान जाळले; २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे आरोग्यखाते म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येई. फसवणूकही तशीच वाईट. मद्रासचे संस्कृतज्ञ अधिकारी एलिस यांनी लसीवर संस्कृत काव्य रचले आणि ते जुन्या कागदावर उतरवून प्राचीन म्हणून पुढे केले, असे इंग्रज लेखकांनीच नोंदवले आहे. हेतू चांगला होता. तरीही खोट्या शास्त्राधाराने मिळवलेली संमती ही संमती नव्हे, आणि खोटे उघडे पडले की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास जातो. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो. सार्वजनिक हितासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, पण त्या वेळची माहिती पाहता लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणशीर नव्हते. हा निवाडा मला योग्य वाटतो. दोन डोस घेतलेल्यांनाच मुंबईची लोकल, असा नियम १५ ऑगस्ट २०२१ पासून होता. रोजगारासाठी लोकल लागणाऱ्या बाईपुढे खरी निवड किती उरली होती?

याच निवाड्याच्या आधाराने कुणी म्हणेल की लसीने संसर्ग थांबलाच नाही, मग दुसऱ्यांविषयीचे कर्तव्य कुठे उरले? ओमायक्रॉनच्या लाटेत डोस घेतलेले लोकही आजारी पडले हे खरे आहे. ‘लस नाही घेतलीस तर तू दुसऱ्याचा जीव घेतोस’ असे तेव्हा म्हणणे अतिशयोक्ती होती आणि ती करणाऱ्यांनी आपलीच बाजू कमकुवत केली. पण ऋण फक्त विषाणू पुढे न देण्याचे नव्हते. मे २०२१ च्या सुरुवातीला म्हैसूरशेजारच्या चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावले, प्राणवायू अपुरा पडत असताना. खाट, नळी, सिलिंडर आणि जागी असलेली नर्स हे सगळे मोजके होते. लसीने गंभीर आजार कमी केले, म्हणजे जो खाटेवर गेला नाही त्याने ती दुसऱ्यासाठी मोकळी ठेवली. हे उपकार संसर्ग अडवण्याएवढे देखणे नाहीत, तरी उपकारच आहेत.

राहिला तो आक्षेप ज्याला उत्तर दिल्याशिवाय वरचे सारे पोकळ ठरते. लसीने काहींचे नुकसान केले. कोव्हिशिल्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा दुर्मीळ विकार जगभर नोंदला गेला आणि काही तरुण माणसे त्यात गेली. कोट्यवधींच्या तुलनेत ही संख्या फार लहान आहे, हा हिशेब बरोबर आहे, पण ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तो ऐकवणे क्रूर आहे. सर्वांसाठी म्हणून जो धोका पत्करायला सांगितले, तो एखाद्यावर कोसळला तर ते नुकसान सर्वांनी वाटून घेतले पाहिजे, नाहीतर ऋणाची भाषा एकतर्फी उरते: घेताना समाज आणि भोगताना एकटे. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये लसीमुळे इजा झालेल्यांसाठी भरपाईचे कायदे केले. भारतात मात्र लसीनंतर मुली गमावलेले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले की लस ऐच्छिक होती, त्यामुळे सरकार जबाबदार नाही. भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात दावा करावा. ऐच्छिक होती म्हणूनच तर ती त्या मुलींनी विश्वासाने घेतली होती. अशा दाव्यात कंपनीचा निष्काळजीपणा पालकांनाच सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे कागद कंपनीच्या आणि सरकारच्या कपाटात असतात.