प्रवाशाची बेगमी

गृहस्थाने घर सोडून चार दिवस रानात राहावयाचे ठरविले, तर त्याने बरोबर किती न्यावे, हा प्रश्न वरकरणी सामानसुमानाचा दिसला तरी त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना वाद आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतात, जेथे तीन धर्मपरंपरांनी एकाच डोंगरात आपापली लेणी खोदली, तेथे तर त्या वादाकडे डोळेझाक करणे कठीण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि मोटारीमागे जोडावयाची राहती गाडी, म्हणजे ट्रेलर, हा विषय पूर्वी ज्यांच्या स्वप्नातही नव्हता अशा घरांतही निघू लागला. म्हैसमाळच्या पठारावर किंवा नाथसागराच्या काठी, महावितरणच्या तारेपासून दूर मुक्काम करावयाचा, तर दिवा, पंखा आणि फोन यांची तजवीज जनरेटरने करावी की बॅटरीने? दुकानदार याचे उत्तर किमतीत देतो. मला मात्र यात संचयाच्या धर्म्यतेचा प्रश्न दिसतो: उद्याची तरतूद करणे म्हणजे लोभ नव्हे, हे मान्य केले, तर तरतूद कोठे संपते आणि लोभ कोठे सुरू होतो?

वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांचा वारसा ज्या भिक्षुसंघाचा, त्याच्या विनयात या प्रश्नाचे फार बारकाईने केलेले उत्तर आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच द्रव्ये आजारी भिक्षूने औषध म्हणून जवळ ठेवावीत, परंतु सात दिवसांहून अधिक नव्हे. जादा भिक्षापात्र मिळाले तर ते दहा दिवसांपलीकडे बाळगू नये. ज्यांनी सर्वस्व सोडले त्यांनाही काही काळ साठा करण्याची मुभा होती, आणि ती मुदतीने बांधलेली होती, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कान्हेरीपासून अजिंठ्यापर्यंत लेण्यांपाशी पाण्याची टाकी खोदलेली आढळतात. त्या विरक्तांनी पावसाचे पाणी धरून ठेवण्यात काही पाप मानले नाही. निषेध होता तो हिशेब नसलेल्या साठ्याचा.

त्याच डोंगराच्या उत्तर टोकाला, तिसाव्यापासून चौतिसाव्या लेण्यापर्यंत, जैन परंपरा आहे. आणि गृहस्थाच्या दृष्टीने तिचा विचार अधिक जवळचा आहे. मुनीला संपूर्ण अपरिग्रह, परंतु श्रावकाला परिग्रह-परिमाण: आपण किती बाळगणार याची हद्द त्याने स्वतःच, विचारपूर्वक आणि आधी ठरवावयाची. त्याच्या जोडीला भोगोपभोग-परिमाण, म्हणजे उपभोगाची मर्यादा. आणि दिग्व्रत, म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे याचीही मर्यादा. प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाला याहून नेमके शास्त्र क्वचितच सापडेल. येथे त्यागाची सक्ती नाही. सक्ती आहे ती मोजण्याची.

बॅटरी निवडताना जे गणित करावे लागते ते मला या व्रताचेच आधुनिक रूप वाटते. ९ वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १८० वॅट-तास. ३० वॅटचा पंखा रात्रभर, आठ तास चालला तर २४०. चार फोनांना ६०. लहान फ्रिज ठेवावयाचाच असेल तर दिवसाला सुमारे ४००. बेरीज ८८० झाली. इन्व्हर्टरमध्ये जे वाया जाते ते धरले की सुमारे १०००, म्हणजे घरच्या वीजबिलावरचे एक युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात, परंतु तिचे आयुष्य राखावयाचे तर निम्म्याहून अधिक काढू नयेत, आणि तिचे वजन ५० किलोंच्या वर जाते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२-१३ किलोंत १२८० वॅट-तास धरते आणि त्यांतील बहुतांश वापरू देते. मराठवाड्याच्या हिवाळी वा उन्हाळी आकाशाखाली ३०० वॅटचे सौर पॅनेल धूळ आणि उष्णता यांची वजावट करूनही तेवढे एक युनिट परत भरून देते. आणि या सर्व हिशेबाशेजारी आणखी एकच ओळ लिहून पाहावी: २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालविला, तर तेच एक युनिट, म्हणजे दिवसभराची सगळी बेगमी, एका स्नानात संपते. घरी ही गोष्ट आपल्याला कधी दिसत नाही, कारण भिंतीतली वीज संपत नाही. रानात ती दिसते. आणि जी गरज आपण गरज समजत होतो ती सवय होती, हे मनाला निमूट कबूल करावे लागते.

जनरेटरचा स्वभाव याच्या उलट आहे. पेट्रोल आहे तोवर तो मागेल तेवढे देतो, आणि म्हणून मागणीला मोजमाप उरत नाही. शिवाय त्याच्या सुखाचा खर्च दुसऱ्यांच्या खाती पडतो: म्हैसमाळच्या शांत रात्री त्याची घरघर कितीतरी दूरवर जाते, शेजारच्या तंबूतल्या लेकराची झोप मोडते, आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा निर्गंध विषारी वायू खिडकीशी ठेवलेल्या जनरेटरमधून आत शिरला तर झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो. अहिंसेचा विचार करणाऱ्याने या तीनही गोष्टी तराजूत घातल्या पाहिजेत.

तरीही जनरेटर त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या धर्मशास्त्रात आपद्धर्मालाही मानाचे स्थान आहे. श्रावणात चार दिवस आभाळ उघडले नाही, पॅनेल निकामी ठरले, आणि बरोबरच्या वृद्ध आईला रात्री श्वासाचे यंत्र लावावे लागते, अशा वेळी व्रताच्या अभिमानाने अंधारात बसणे हा धर्म नव्हे. लहान जनरेटर बरोबर असावा, तो गाडीपासून दूर, मोकळ्या हवेत आणि संकटापुरता चालवावा. आपद्धर्म नित्यधर्म झाला की माणसाची घसरण सुरू होते, एवढे मात्र विसरू नये.

कोणी म्हणेल, बॅटरी तरी निष्पाप कोठे आहे? तिच्यातील शिसे आणि लिथियम कोणत्या तरी भूमीचे पोट फाडूनच आले आहे. हा आक्षेप खरा आहे. देहधारी माणसाला संपूर्ण निर्दोष निवड उपलब्ध नाही. त्याला दोष कमी करण्याचा आणि उरलेल्या दोषाची जबाबदारी घेण्याचा अधिकार आहे. जुनी बॅटरी ओढ्याकाठी न फेकता विक्रेत्याकडे परत करणे, ज्याची व्यवस्था २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी केली आहे, हाही त्या जबाबदारीचाच भाग होय.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो: ज्याने उद्याचा भार ईश्वरावर टाकला त्याला बेगमी कशाला? याचे उत्तर पैठणात आहे. एकनाथमहाराज गृहस्थ होते, संसार करीत होते. काशीहून रामेश्वराकडे नेत असलेल्या कावडीतले गंगोदक त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपण तिच्यातील करुणेचे कौतुक करतो, परंतु कावड भरलेली होती म्हणून ती करुणा कृतीत उतरली, हे क्वचितच ध्यानात घेतो. ज्याने काहीच साठविले नाही त्याला फक्त हळहळता आले असते. आणि साठविलेले आपलेच म्हणून धरून ठेवणारा पुढे निघून गेला असता. नाथांची पालखी आजही पैठणहून आषाढीला पंढरपूरकडे निघते. वारीच्या मुक्कामांवर राहुटीच्या खांबाला टांगलेल्या एका बोर्डाभोवती फोनांची दाटी झालेली असते, त्यांतले कितीतरी दुसऱ्याच दिंडीतल्या वारकऱ्यांचे असतात, आणि हा फोन कोणाचा, असे विचारून कोणी तो काढून ठेवीत नाही.

म्हणून माझे सांगणे असे आहे, की ट्रेलर घेणाऱ्याने आधी गरजेचे परिमाण कुटुंबासह बसून ठरवावे, मग त्या मापाची बॅटरी घ्यावी, ती भरून काढील एवढेच पॅनेल लावावे, जनरेटर आपत्काळासाठी राखावा, आणि या सर्व हिशेबात वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाट्याचे दोन-चार टक्के पहिल्यापासूनच धरावेत. संचयाला माप असले, मुदत असली आणि त्यात दुसऱ्याचा हिस्सा असला, की तो परिग्रह राहत नाही. गृहस्थाला जेवढे स्वातंत्र्य झेपते तेवढे त्यातून निश्चित मिळते.