वर्णमालेचा क्रम आणि वाचायला शिकणारे मूल

मराठी मुलाच्या अक्षरओळखीची सुरुवात आजही बहुतेक घरांत आणि अनेक बालवाड्यांत 'अ अननसाचा, आ आईचा' या घोकंपट्टीने होते. स्वर संपले की क पासून ज्ञ पर्यंतची व्यंजने आणि ती पाठ झाली की बाराखडी, हा क्रम जणू लिपीबरोबरच जन्माला आला असावा इतक्या निःशंकपणे पाळला जातो. वर्णमालेची मांडणी शास्त्रशुद्ध आहे आणि म्हणून शिकवण्याचा क्रमही तोच असला पाहिजे, असे यामागचे गृहीतक आहे. त्यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही.

मांडणीच्या शास्त्रशुद्धतेविषयी वाद नाही. 'क' वर्गातील वर्ण कंठात, 'च' वर्गातील टाळूशी, 'ट' वर्गातील मूर्ध्याशी, म्हणजे टाळूच्या वरच्या भागाशी, 'त' वर्गातील दातांशी आणि 'प' वर्गातील ओठांशी उच्चारले जातात. प्रत्येक वर्गात आधी अघोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाशिवाय निघणारे, मग घोष आणि शेवटी अनुनासिक वर्ण येतो. वेदांचे उच्चार अबाधित राहावेत म्हणून प्रातिशाख्यकारांनी ध्वनींचा जो सूक्ष्म अभ्यास केला, त्याचे हे फळ आहे. परंतु हे कोष्टक आहे, आणि ते रचणाऱ्याला भाषा बोलता येत होती, वर्ण सुटे करता येत होते, त्यांचे साम्यभेद तपासता येत होते. वर्गीकरण करणारा सारखे ते शेजारी ठेवतो. शिकणाऱ्याला मात्र आधी भिन्न ते हवे असते. 'ड' आणि 'ढ' ऐकायला जवळचे, दिसायलाही जवळचे, आणि ते पाच वर्षांच्या मुलापुढे लागोपाठ येतात तेव्हा कोष्टकाचा गुण हाच शिकण्यातील अडसर होतो. शिवाय 'ङ' आणि 'ञ' यांनी सुरू होणारा एकही शब्द बोलीत नसताना, केवळ रांगेत त्यांची जागा आहे म्हणून ते पहिल्याच वर्षी गिरवून घेतले जातात, याचे समर्थन करणे कठीण आहे.

वर्णांचा क्रम हेतूनुसार बदलतो, हे परंपरेला ठाऊक नव्हते असेही नाही. पाणिनीने व्याकरणाच्या सोयीसाठी वर्ण निराळ्या पद्धतीने लावून ते १४ सूत्रांत बसवले. संधीसारखे नियम थोडक्यात सांगता यावेत, हा त्याचा हेतू होता. मराठी अंकलिप्यांतील 'ग म भ न' हा क्रमही वर्णमालेचा नव्हे, तर हाताच्या सोयीचा आहे, कारण उभ्या दंडाची, वळणाला जवळची अक्षरे त्यात एकत्र येतात. मुखाचा, व्याकरणाचा आणि हाताचा असे तीन क्रम मान्य करणाऱ्या समाजाला वाचणाऱ्या मुलाच्या सोयीचा चौथा क्रम मात्र पाखंड वाटावा, हे नवल आहे.

असा क्रम ठरवताना देवनागरीचा स्वभाव आधी पाहावा लागतो. या लिपीचे एकक सुटा वर्ण नसून अक्षर आहे, म्हणजे व्यंजन आणि त्याला जोडलेला स्वर मिळून होणारा उच्चाराचा घटक. 'क' लिहिला की त्यात 'अ' आहेच. दुसरा स्वर हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी एखादे चिन्ह लागते. मराठीतील ३४ व्यंजनांना बाराखडीची १२ रूपे लावली तरी ४०८ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे त्यांच्यापलीकडे राहतात. इंग्रजीच्या २६ अक्षरांशी तुलना करून 'महिनाभरात अक्षरे आली पाहिजेत' असा धोशा लावणारे पालक ही गोष्ट विसरतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अक्षरलिपी आत्मसात होण्याचा वेग मंद असल्याचे आणि ही प्रक्रिया प्राथमिक शाळेची काही वर्षे चालत असल्याचे दिसले आहे.

या विस्तारावर बाराखडीचे पाठांतर हा उपाय मानला जातो. परंतु 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' हे तालात म्हणणारे मूल पुष्कळदा 'कू' ओळखण्यासाठी पुन्हा 'क' पासून सुरुवात करते, कारण त्याला रांग आली आहे, खूण आलेली नाही. वेलांटी कोणत्याही व्यंजनाला लागली तरी तोच स्वर देते, हा नियम कळला की ४०८ रूपांचे ओझे उरत नाही. तो कळण्यासाठी मात्र वेलांटी निरनिराळ्या व्यंजनांवर, आणि तीही अर्थ असलेल्या शब्दांत, भेटावी लागते. ग्रामीण मुलांचे वाचन २००५ पासून तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या चाचणीत 'अक्षरे वाचता येतात, शब्द येत नाहीत' हा स्वतंत्र टप्पाच आहे. सर्व व्यंजने आधी आणि स्वरचिन्हे नंतर, ही पद्धत मुलाला नेमकी त्याच टप्प्यावर दीर्घकाळ उभे करते.

याउलट क, म, ल, न ही चार व्यंजने, 'आ' हा स्वर आणि काना एवढेच दिले, तरी नाक, कान, काम, लाल, मला हे शब्द आणि 'मामा आला' हे पूर्ण वाक्य मुलाच्या हाती येते. अक्षरांचे असे लहान गट करून स्वरचिन्हे आरंभापासून त्यांत मिसळण्याची दिशा मराठीला अपरिचित नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनशिक्षणावर केलेले काम या संदर्भात मोलाचे आहे. काही सुधारक दुसऱ्या टोकाला जाऊन अक्षरे शिकवूच नयेत, शब्दाची आकृती ओळखू द्यावी, असे म्हणतात. चिन्ह आणि ध्वनी यांचा मेळ इतका नियमित असलेल्या लिपीत तो नियम मुलापासून लपवणे हा केवळ अपव्यय होय.

हा मेळ मात्र पूर्ण नाही, हेही मान्य केले पाहिजे. 'चिंच' या एकाच शब्दात 'च' चे दोन उच्चार आहेत. 'बदक' मधील शेवटचा 'अ' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. 'कि' मधील वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'श' आणि 'ष' यांत बहुतेकांच्या बोलण्यात भेद उरलेला नाही. त्यापुढचा प्रश्न बोलीचा आहे. खानदेशातील मूल 'शाळा' ला 'शाया' म्हणते, कित्येक घरांत 'पाणी' चे 'पानी' होते, आणि ज्याच्या घरी कोरकू किंवा गोंडी बोलली जाते त्याला अक्षराबरोबर शब्दही नवा असतो. 'ण बाणाचा' म्हणून अक्षर शिकवताना मूल 'बान' म्हणत असेल, तर तो दोष त्याच्या जिभेचा नसून शिक्षकाने निवडलेल्या शब्दाचा आहे. तेथे आधी मुलाचा उच्चार स्वीकारून, पुस्तकात तो कसा लिहितात हे दाखवणे, एवढेच पहिल्या इयत्तेचे काम आहे. उच्चारशुद्धीचा आग्रह तेव्हा धरला, तर मूल वाचणेच नव्हे, वर्गात बोलणेही सोडून देते.

वर्णमाला त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. तिसरी-चौथीतील मूल 'प, फ, ब, भ, म' म्हणताना ओठ मिटतात आणि 'त, थ, द, ध, न' म्हणताना जीभ दातांना लागते, हे स्वतः तपासू शकते, आणि याच सुमारास त्याच्या हाती शब्दकोश देता येतो, ज्यातला शब्द वर्णक्रम ठाऊक असल्यावाचून सापडत नाही. 'क' ते 'ज्ञ' ही रांग पाठ करून घेण्याची योग्य वेळ ती आहे. पहिलीच्या वर्गाने तिची घाई करू नये.