दुसरी किल्ली

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

पहाटे उठावे, वेळ पाळावी, हिशेब चोख ठेवावा, हे आपण घरातल्या मुलांना रोज सांगतो. सवयी लागतातही. पण सवयीचे तत्त्व केव्हा होते?

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, तुझ्या या आनंदाचे मूळ काय? राजा असूनही तो हात जोडून विचारतो, हे मला मोठे वाटते. अवधूत आपले २४ गुरू सांगतो. त्यातले काही तर फसलेलेच आहेत. पतंग रूपाला भुलून जळतो, मासा जिभेपायी गळाला लागतो, हरीण गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडते. काय करू नये, हेही अवधूत गुरूंकडूनच शिकला.

त्यातले हरीण मला फार उशिरा कळले.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. माणूस कितीही सचोटीचा असो, एकट्याने उघडायची नाही. नोकरीभर मी हे पाळले. निवृत्त झालो आणि उत्सवाचा खजिनदार झालो. देणगी मोजायला जोडीला कोणीतरी द्या म्हणालो, तर मंडळी म्हणाली, "काका, तुमच्यावर काय लक्ष ठेवायचं? तुम्ही म्हणजे शंभर नंबरी!" कानाला गोड वाटले. एकटाच मोजू लागलो.

एका दत्तजयंतीच्या रात्री पावत्यांच्या बेरजेपेक्षा रोकड ३०० रुपयांनी कमी भरली. तीनदा मोजली. शेवटी खिशातले ३०० घालून हिशेब जुळवला. मनाची समजूत घातली, की बँकेतही कॅशिअर तूट स्वतःच भरतो. पण तिथे ती तूट आधी नोंदली जाते. मी नोंदली नव्हती. वही जुळली, पण खोटी जुळली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी काकड आरतीनंतर समितीपुढे सगळे सांगून टाकले. तेव्हा पावत्या फाडणारा एक कॉलेजातला मुलगा पुढे आला. ओळखीच्या एका गृहस्थांनी 'पैसे उद्या देतो' म्हणून ३०० ची पावती नेली होती. सांगायची त्याला भीती वाटली. मी गप्प राहिलो असतो, तर तोही झाकायलाच शिकला असता. पुढे उभा असलेला माणूस जे करतो, तेच मागचे उचलतात.

तेव्हापासून मोजणीला दोघे बसतो, आणि दुसरा तोच मुलगा असतो. कोणी आपला हिशेब तपासला तर राग मानू नये. दुसरी किल्ली आपल्याला आपल्यापासूनच सांभाळते. आणि लोक 'राहू द्या हो, कशाला?' म्हणत असतानाही जी सवय सुटत नाही, तिलाच मी आता तत्त्व म्हणतो.

महाराजांपुढे एवढेच मागणे, की स्तुती कानावर पडली की ते हरीण आठवावे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!